इंग्रजी अर्जात स्वल्पविराम कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये

सीमाभागातील मराठी माणसाला इंग्रजी लिहिण्याची वेळ केवळ परीक्षेत येत नाही. निपाणी, खानापूर, अथणी किंवा बेळगाव तालुक्यात ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, त्यांना सरकारी कार्यालयात मराठी अर्ज स्वीकारला जाईल याची खात्री नसते आणि कन्नडमध्ये सफाईने लिहिण्याइतका सराव अनेकांना नसतो. त्यामुळे तहसील कार्यालय, एसटीचे आगार, बँक, विद्यापीठ अशा ठिकाणी इंग्रजी अर्ज हाच मधला मार्ग ठरतो. अशा अर्जांत शब्द बहुधा योग्य असतात, क्रियापदांचे काळही फारसे चुकत नाहीत. स्वल्पविराम मात्र मराठीच्या सवयीने पडलेले असतात. म्हणून नवशिक्याने नवे नियम पाठ करण्याआधी मराठीतून आपसूक येणारे स्वल्पविराम काढून टाकण्यास शिकावे, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्यांचा क्रम त्याच हेतूने लावलेला आहे. उदाहरणांतील इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत. वहीत उतरवून घेताना ती इंग्रजी लिपीत लिहावीत, म्हणजे सरावही होईल.

तयारी

प्रथम संपूर्ण अर्जाचा कच्चा मसुदा लिहावा. त्यानंतर पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यातील उद्देश्याखाली एक रेघ आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढाव्यात. केवल वाक्य, संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य हा मराठी व्याकरणाच्या तासाला शिकलेला भाग येथे थेट कामी येतो, कारण इंग्रजीतील स्वल्पविरामाचे बहुतेक नियम वाक्याच्या याच रचनेवर उभे आहेत.

“वाचताना जेथे श्वास घ्यावासा वाटतो तेथे स्वल्पविराम द्यावा” हा सल्ला शाळेत अनेकांनी ऐकलेला असतो. तो इंग्रजीपुरता बाजूला ठेवावा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधील मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यातून स्वल्पविरामाचे आजचे रूप रूढ झाले, तेव्हा मोठ्याने वाचणाऱ्याला थांबा दाखवणे हे त्याचे एक काम होतेच. परंतु पुढे इंग्रजीत हे चिन्ह उत्तरोत्तर व्याकरणाच्या ताब्यात गेले. मराठीत ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून इंग्रजीवरूनच आली, कारण त्यापूर्वीच्या पोथ्यांत दंडाखेरीज फारसे काही नसे. चिन्ह इंग्रजीचे असले तरी मराठीने ते आपल्या बोलण्याच्या लयीप्रमाणे वापरले, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो.

पहिली पायरी : दोन पूर्ण वाक्यांमधला स्वल्पविराम

सर्वाधिक आढळणारी चूक हीच असल्यामुळे येथे थोडे अधिक थांबावे लागेल. समजा, आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहायचा आहे आणि मसुद्यात असे वाक्य आले आहे :

“द बस डज नॉट स्टॉप इन अवर व्हिलेज, द स्टुडंट्स वॉक टु जांबोटी.”

मराठीत “बस आमच्या गावात थांबत नाही, मुले जांबोटीपर्यंत चालत जातात” हे वाक्य कोणालाही खटकणार नाही. इंग्रजीत मात्र ही चूक मानली जाते. पेन्सिलीच्या रेघा पाहिल्यास कारण लगेच दिसते : स्वल्पविरामाच्या डावीकडे “बस” हे उद्देश्य आणि त्याचे क्रियापद आहे, तर उजवीकडे “स्टुडंट्स” हे दुसरे उद्देश्य आणि त्याचे स्वतंत्र क्रियापद आहे. दोन्ही बाजू स्वतःच्या बळावर उभ्या राहू शकतात, आणि अशा दोन वाक्यांना एकत्र धरून ठेवण्याची ताकद इंग्रजीत एकट्या स्वल्पविरामाला नाही.

यावर तीन उपाय आहेत. सर्वांत सोपा म्हणजे पूर्णविराम देऊन दोन वाक्ये करणे, आणि अर्जात बहुतेक वेळा तोच चांगला दिसतो. दुसरा उपाय अर्धविरामाचा, परंतु ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने तो जपून वापरावा. तिसरा उपाय म्हणजे स्वल्पविराम तसाच ठेवून त्याच्यापुढे जोडणारा शब्द घालणे : “द बस डज नॉट स्टॉप इन अवर व्हिलेज, सो द स्टुडंट्स वॉक टु जांबोटी.” असे जोडणारे शब्द इंग्रजीत सातच आहेत : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो. ही यादी मात्र पाठ करावी, कारण तिच्याबाहेरचे शब्द हे काम करत नाहीत. “हाउएव्हर”, “देअरफोर”, “मोअरओव्हर” हे शब्द वजनदार दिसतात म्हणून ते वाक्ये जोडतात असा समज होतो, पण ती क्रियाविशेषणे आहेत. “वुई गेव्ह अ‍ॅन अ‍ॅप्लिकेशन, हाउएव्हर, नो अ‍ॅक्शन वॉज टेकन” हे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते, “वुई गेव्ह अ‍ॅन अ‍ॅप्लिकेशन. हाउएव्हर, नो अ‍ॅक्शन वॉज टेकन” असे लिहावे. येथे “हाउएव्हर”नंतरचा स्वल्पविराम आवश्यक आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. “अँड”च्या पुढे नवे उद्देश्य नसेल, म्हणजे एकच कर्ता दोन क्रिया करत असेल, तर स्वल्पविराम देऊ नये : “द बस कम्स फ्रॉम बेळगावी अँड स्टॉप्स अ‍ॅट द क्रॉस.” क्रॉसवर थांबणारीही तीच बस आहे, म्हणून दोन क्रियापदे असली तरी वाक्य एकच आहे. “अँड” दिसला की स्वल्पविराम ठोकण्याची सवय असणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पुढे नवे उद्देश्य आहे का, एवढेच पाहावे.

दुसरी पायरी : “की” आणि “कारण” यांच्या सोबतीने येणारे स्वल्पविराम

मराठीत “त्यांनी सांगितले की, अर्ज उद्या द्यावा” असे लिहिण्याची पद्धत आहे, आणि वर्तमानपत्रे रोज तसे छापतात. हीच सवय इंग्रजीत उतरली की “द क्लार्क टोल्ड अस दॅट, द फॉर्म इज नॉट अव्हेलेबल” असे वाक्य तयार होते. इंग्रजीत “दॅट”नंतर असा स्वल्पविराम कधीही येत नाही, आणि “टोल्ड अस”नंतर, म्हणजे “दॅट”च्या आधीही येत नाही. मराठी माध्यमातील लेखकाची ओळख पटवणारी याच्याइतकी ठळक खूण दुसरी नसेल. मसुद्यातील प्रत्येक “दॅट” शोधून त्याला चिकटलेला स्वल्पविराम खोडावा. एवढ्याने अर्धा अर्ज स्वच्छ होतो. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यायचे असतील, तर मात्र मराठीप्रमाणेच स्वल्पविराम येतो : “द क्लार्क सेड, ‘कम टुमॉरो.’”

“कारण”ची गोष्ट किंचित सूक्ष्म आहे. “मी आलो नाही, कारण बस चुकली” या मराठी वाक्यात स्वल्पविराम शोभतो. “आय डिड नॉट कम बिकॉज आय मिस्ड द बस” या इंग्रजी वाक्यात तो सहसा नको. परंतु मुख्य वाक्य नकारार्थी असेल आणि दोन अर्थ निघत असतील, तर स्वल्पविराम अर्थ ठरवतो. “ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज ट्रान्सफर्ड टु कारवार” या वाक्यातून असा अर्थ निघू शकतो की त्याने राजीनामा दिला खरा, पण कारवारला बदली झाली म्हणून नव्हे, दुसऱ्याच कारणाने. “रिझाइन”नंतर स्वल्पविराम दिला की अर्थ एकच उरतो : त्याने राजीनामा दिला नाही, आणि त्याचे कारण कारवारची बदली. अशा ठिकाणी स्वल्पविरामावर विसंबण्यापेक्षा वाक्यच बदलून लिहावे, हे अधिक शहाणपणाचे.

तिसरी पायरी : उद्देश्य आणि क्रियापद तोडू नये

उद्देश्य लांबलचक झाले की मराठी लेखक दमतो आणि स्वल्पविराम देतो. “द पेरेंट्स ऑफ ऑल द स्टुडंट्स ऑफ द मराठी हायस्कूल, हॅव साइन्ड धिस लेटर” हे त्याचे उदाहरण. येथे “द पेरेंट्स”पासून “हायस्कूल”पर्यंत सगळे मिळून एकच उद्देश्य आहे, आणि ते कितीही लांबले तरी त्याच्या व क्रियापदाच्या मध्ये एकटा स्वल्पविराम येऊ शकत नाही. एकटा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जोडीने आलेले दोन चालतात, त्याचा विचार पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी : वाक्याच्या आरंभीचा भाग

येथे मराठीची सवय उपयोगी पडते. “जर पाऊस पडला, तर रस्ता बंद होतो” याप्रमाणेच “इफ इट रेन्स, द रोड इज क्लोज्ड” असे स्वल्पविराम देऊन लिहावे. “व्हेन”, “आफ्टर”, “ऑल्दो”, “सिन्स” या शब्दांनी सुरू होणारे गौण वाक्य आधी आले, तर ते संपताच स्वल्पविराम द्यावा. क्रम उलटला की तो जातो : “द रोड इज क्लोज्ड इफ इट रेन्स.” अपवाद “ऑल्दो”चा; ते गौण वाक्य मागून आले तरी त्याच्याआधी बहुधा स्वल्पविराम देतात.

हा स्वल्पविराम गाळल्यास काय होते, हे पुढील वाक्यावरून कळेल : “व्हेन द टीचर रिटर्न्ड द बुक वॉज मिसिंग.” वाचणारा प्रथम शिक्षकांनी पुस्तक परत केले असे समजतो, मग “वॉज मिसिंग”पाशी अडखळतो आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचतो. “रिटर्न्ड”नंतर स्वल्पविराम दिला की शिक्षक परत आले तेव्हा पुस्तक जागेवर नव्हते, हे पहिल्याच वाचनात समजते. आरंभीचा भाग दोन-तीन शब्दांचाच असेल, तर स्वल्पविराम ऐच्छिक आहे : “इन २०१४ द सिटी वॉज रिनेम्ड बेळगावी” हे वाक्य दोन्ही प्रकारे चालते.

पाचवी पायरी : जोडीचे स्वल्पविराम

वाक्याच्या मध्ये एखादी जादा माहिती घालायची असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावा लागतो : “द कमल बस्ती, अ जैन टेम्पल इन द बेळगावी फोर्ट, वॉज बिल्ट इन १२०४.” मधला भाग काढून टाकला तरी वाक्य पूर्ण राहते, हीच त्याची कसोटी. अनेक जण पहिला स्वल्पविराम देतात आणि दुसरा विसरतात; मग तिसऱ्या पायरीत सांगितलेली चूक आपोआप घडते.

खरा पेच “हू” आणि “विच” यांच्यापाशी येतो, आणि कार्यालयीन लेखनात यानेच सर्वाधिक नुकसान होऊ शकते. पुढील दोन वाक्ये ताडून पाहावीत :

“द स्टुडंट्स हू स्टडी इन खानापूर नीड अ मॉर्निंग बस.”

“द स्टुडंट्स, हू स्टडी इन खानापूर, नीड अ मॉर्निंग बस.”

पहिल्या वाक्यात गावातील सगळी मुले अभिप्रेत नाहीत. जी खानापुरात शिकतात तेवढ्यांनाच सकाळची बस हवी आहे. दुसऱ्या वाक्यात गावातील सगळीच मुले खानापुरात शिकतात, आणि त्या सगळ्यांना बस हवी आहे. शब्द तेच, मागणी मात्र निराळी. त्याचप्रमाणे “द शॉप्स विच हॅव नो लायसन्स विल बी क्लोज्ड” या सूचनेने केवळ विनापरवाना दुकाने बंद होतील. “शॉप्स” आणि “लायसन्स” या शब्दांनंतर स्वल्पविराम टाकले, तर बाजारातील एकाही दुकानाकडे परवाना नाही आणि सगळीच बंद होणार, असा अर्थ होईल.

शेतजमिनीच्या वारसा नोंदीसाठी अर्ज किंवा प्रतिज्ञापत्र लिहिताना हा भेद विशेष जपावा. “माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, हॅज गिव्हन हिज कन्सेंट” असे लिहिणाऱ्याला एकच भाऊ आहे, असा अर्थ होतो. दोन किंवा अधिक भाऊ असतील आणि त्यांपैकी पुण्यातल्याची संमती मिळाली असेल, तर स्वल्पविराम काढावेत. त्याहूनही चांगले म्हणजे भावाचे पूर्ण नाव लिहावे. मराठीतील “जो... तो” या रचनेत हा भेद चिन्हाने दाखवण्याची गरज पडत नाही, म्हणून आपले लक्ष तिकडे जात नाही. सराव म्हणून “हू” किंवा “विच” असलेले प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर स्वतःला विचारावे : या माहितीशिवाय नेमके कोण किंवा कोणते, हे वाचणाऱ्याला कळेल का? कळत असेल तर जोडी द्यावी, कळत नसेल तर एकही देऊ नये.

सहावी पायरी : यादी

तीन किंवा अधिक वस्तूंची यादी मराठीप्रमाणेच लिहावी : “राइस, जॅगरी अँड कॅश्यूज”. प्रश्न उरतो तो “अँड”च्या आधीच्या स्वल्पविरामाचा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाच्या पद्धतीवरून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. ब्रिटिश वर्तमानपत्रे तो बहुधा गाळतात आणि अमेरिकेतील पुस्तके बहुधा ठेवतात. भारतात दोन्ही चालतात. शाळेत शिक्षक जे सांगतील ते करावे, पण एका लेखात एकच पद्धत पाळावी.

तो गाळल्याने किती महाग पडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील मेन राज्यात घडले. तेथील जादा कामाच्या मजुरीच्या कायद्यात कोणत्या कामांना ही मजुरी लागू नाही याची यादी होती, आणि तिच्या शेवटी “पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन” असे शब्द स्वल्पविरामाशिवाय आले होते. ओकहर्स्ट डेअरीच्या दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी असा मुद्दा मांडला की यादीत पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधण्याचे काम आहे, प्रत्यक्ष वितरणाचे नाही. आणि आम्ही बांधणी करत नाही, वितरण करतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. मेन राज्याच्या कायदे-लेखनाच्या नियमावलीत हा स्वल्पविराम टाळण्याचीच शिफारस होती, हे विशेष. पुढे त्या कायद्याची यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली गेली. तात्पर्य काढायचे तर एवढेच पुरे की यादीतील शेवटच्या दोन गोष्टी एकत्र वाचल्या जाण्याची शक्यता असेल, तेथे हा स्वल्पविराम द्यावा.

एकामागून एक येणाऱ्या विशेषणांबाबत एकच कसोटी पुरते. मध्ये “अँड” घालून वाक्य नैसर्गिक वाटले, तर स्वल्पविराम द्यावा : “अ लाँग, टायरिंग जर्नी”. “अँड” विचित्र वाटला, तर देऊ नये : “अ‍ॅन ओल्ड स्टोन हाउस”.

सातवी पायरी : पत्ता, दिनांक, रक्कम आणि मायना

एका ओळीत लिहिलेल्या पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा यांमध्ये स्वल्पविराम द्यावेत, परंतु राज्य आणि पिन कोड यांच्यामध्ये देऊ नये : “खानापूर, बेळगावी डिस्ट्रिक्ट, कर्नाटक ५९१३०२”. स्थळाचे नाव राज्यासह वाक्याच्या पोटात आले, तर राज्यानंतरही स्वल्पविराम लागतो : “निपाणी, कर्नाटक, इज नोन फॉर टोबॅको.”

दिनांक आपल्या पद्धतीने, म्हणजे “१ नोव्हेंबर १९५६” असा लिहिल्यास स्वल्पविराम नको. महिना आधी लिहिण्याची अमेरिकी पद्धत वापरल्यास “नोव्हेंबर १, १९५६” असा तो येतो आणि वाक्य पुढे चालू राहिल्यास वर्षानंतर आणखी एक येतो. अर्जात आपलीच पद्धत ठेवावी.

रकमेतील स्वल्पविराम हिशेबाचा असल्याने येथे हयगय करू नये. भारतीय पद्धतीत उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन-दोन अंकांचे असतात, म्हणून अडीच लाख रुपये २,५०,००० असे लिहितात. परदेशी विद्यापीठाचा किंवा कंपनीचा फॉर्म भरताना सर्व गट तीन अंकांचे करावेत : २५०,०००.

“रिस्पेक्टेड सर,” आणि “युअर्स फेथफुली,” यांच्यापुढे स्वल्पविराम द्यावा. विषयाच्या ओळीच्या शेवटी काहीही नको. आपल्याकडे “थँकिंग यू,” असे लिहून खाली सही करण्याची प्रथा आहे, ती चूक म्हणून कोणी अर्ज परत करणार नाही, पण “थँक यू.” असे पूर्णविरामासह लिहिणे अधिक नीटनेटके दिसते. वाक्यात कोणाला संबोधले असेल, तर संबोधन स्वल्पविरामाने वेगळे करावे : “प्लीज साइन हिअर, सर.”

आठवी पायरी : मसुदा तपासणे

आता या साऱ्या पायऱ्या एका मजकुरावर लावून पाहू. मराठीतून विचार करून लिहिलेला मूळ मसुदा असा आहे :

“वुई द स्टुडंट्स ऑफ अवर व्हिलेज, रिक्वेस्ट यू दॅट, द मॉर्निंग बस शुड स्टॉप अ‍ॅट द क्रॉस, बिकॉज मेनी ऑफ अस स्टडी इन खानापूर, इफ द बस इज लेट वुई मिस द फर्स्ट पीरियड.”

येथे “वुई” आणि “व्हिलेज” यांच्यामधली माहिती जादा असल्यामुळे जोडी हवी होती, पण दुसराच स्वल्पविराम दिला गेला आहे. “दॅट”नंतरचा मराठी “की”चा आहे. शिवाय “रिक्वेस्ट यू” याच्यापुढे “दॅट” न घालता “टु” घालून वाक्य चालवणे अधिक सरळ होते. “बिकॉज”च्या आधीचा “कारण”च्या सवयीने आला आहे. “खानापूर”नंतरचा दोन पूर्ण वाक्यांना जोडू पाहतो, म्हणून तेथे पूर्णविराम हवा. आणि “लेट”नंतर, जेथे तो खरोखर हवा होता, तेथे तो नाही. दुरुस्त मजकूर असा होईल :

“वुई, द स्टुडंट्स ऑफ अवर व्हिलेज, रिक्वेस्ट यू टु स्टॉप द मॉर्निंग बस अ‍ॅट द क्रॉस बिकॉज मेनी ऑफ अस स्टडी इन खानापूर. इफ द बस इज लेट, वुई मिस द फर्स्ट पीरियड.”

मूळ मसुद्यात चार स्वल्पविराम होते, दुरुस्त मजकुरात तीन आहेत, आणि मूळच्या चारांपैकी एकच आपल्या जागी टिकला आहे. अर्ज कार्यालयात देण्यापूर्वी, शक्य असल्यास एक रात्र मध्ये जाऊ देऊन, पेन्सिलीच्या रेघांसह हीच तपासणी पुन्हा करावी आणि ज्या स्वल्पविरामाचे कारण वरीलपैकी एकाही पायरीत सापडत नाही, तो खोडून टाकावा.